ठगाची कबुली लिहिणारा टेलर आणि पन्हाळ्याच्या वेढ्यातला फाजलखान

१६६० सालच्या मार्चमध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा गडाखालच्या छावणीत एक तरुण सरदार होता. फाजलखान, अफजलखानाचा मुलगा. चार महिन्यांपूर्वी, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, प्रतापगडाच्या पायथ्याशी त्याचा बाप मारला गेला होता आणि तो स्वतः जावळीच्या रानातून कसाबसा निसटला होता. डिसेंबरअखेरीस रुस्तुमजमानच्या जोडीने तो कोल्हापूरजवळ पुन्हा लढायला उभा राहिला आणि पुन्हा हरला. त्यानंतर हा वेढा. बापाचा सूड घ्यायचा तर याहून चांगली संधी मिळणार नव्हती, कारण शिवाजी महाराज गडावरच अडकले होते. १२ जुलैच्या रात्री, भर पावसात, महाराज वेढ्यातून बाहेर पडले आणि विशाळगडाकडे गेले. शिवा काशिद महाराजांच्या वेषात शत्रूच्या हाती लागला, बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवली. पुढचं आपल्याला पाठ आहे. फाजलखान मात्र आपल्या पाठांतरात नावापुरता येतो आणि जातो.

दोनशे वर्षांनी एका इंग्रजाने याच फाजलखानाला कादंबरीचा नायक केलं. कादंबरीचं नाव 'तारा', साल १८६३, लेखक फिलिप मेडोज टेलर. (पन्हाळ्यावरून राज्य चालवणाऱ्या ताराराणींशी या ताराचा संबंध नाही. ही तारा तुळजापूरच्या एका शास्त्र्याची मुलगी आहे.) मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून आपण गुंजीकरांची 'मोचनगड' मानतो, ती १८७१ची. म्हणजे मराठीत ऐतिहासिक कादंबरीचा जन्म व्हायच्या आठ वर्षं आधी तुळजाभवानीचं देऊळ, विजापूरचा दरबार, अफजलखान आणि शिवाजी महाराज हे सगळं एका इंग्रजी कादंबरीत येऊन गेलं होतं.

पण टेलरचं नाव जगात झालं ते 'तारा'मुळे नाही. त्याच्या चोवीस वर्षं आधी, १८३९मध्ये, त्याने 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' लिहिलं होतं. राणी व्हिक्टोरियाला गादीवर येऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. विल्की कॉलिन्सचं 'मूनस्टोन' यायला अजून एकोणतीस वर्षं होती आणि शेरलॉक होम्सला अठ्ठेचाळीस. व्हिक्टोरियाच्या काळातल्या गुन्ह्याच्या आणि रहस्याच्या कादंबऱ्यांचं मूळ शोधायला लंडनच्या धुक्यात जायची आपल्याला सवय आहे. त्यातलं एक ठसठशीत मूळ दख्खनच्या रस्त्यांत आहे, आणि ते खणून काढणारा माणूस आयुष्यातला मोठा काळ मराठी मुलखात आणि त्याच्या शेजारी वावरला. म्हणून मला वाटतं, टेलरचं आयुष्य मराठी वाचकाला नीट ठाऊक असायला हवं.

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८चा, लिव्हरपूलचा. घरची स्थिती ढासळल्यामुळे शाळा लवकर सुटली आणि लहान वयातच तो एका व्यापाऱ्याच्या कचेरीत कारकुनी करू लागला. पंधराव्या वर्षी त्याला मुंबईला पाठवलं गेलं. मुंबईत बॅक्स्टर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याची पेढी होती. तिथे काम शिकायचं आणि वयात आल्यावर भागीदार व्हायचं, असा करार होता. १८२४मध्ये मुलगा मुंबईत उतरला आणि पाहतो तर पेढी बुडायच्या बेतात. आईकडून नात्यातले न्यूनहॅम नावाचे एक बडे अधिकारी मुंबई सरकारात होते. त्यांनी त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळवून दिली. वर्ष संपायच्या आत सोळा वर्षांचा टेलर औरंगाबादच्या छावणीत हजर झाला.

या अपघाताने त्याचं सगळं आयुष्य ठरलं. तो कंपनी सरकारचा नोकर नव्हता, निजामाचा होता. कंपनीच्या अधिकाऱ्यांना बढती, पगार, पेन्शन यांची जी हमी असे, ती त्याला कधीच मिळाली नाही. उलट, कंपनीच्या इंग्रजाला कचेरीतून दिसायचा नाही असा मुलूख त्याला दिसला. त्याने हिंदुस्तानी, फारसी आणि मराठी शिकून घेतली. पुढे लग्नही केलं ते मेरी पामरशी. तिचे वडील विल्यम पामर हे हैदराबादचे मोठे सावकार, आणि त्यांची आई फैजबक्ष ही खानदानी मुसलमान बेगम. म्हणजे टेलरच्या सासरचं घर अर्धं हिंदुस्थानीच होतं. त्याच्या कादंबऱ्यांत दिवाणखान्यातलं बोलणं, जनान्यातली खलबतं, नोकरांची अदब इतकी खरी वाटते, त्याचं एक कारण या घरात आहे असं माझं मत आहे.

विशीच्या आतबाहेर असताना त्याला निजामाच्या राज्याच्या नैर्ऋत्य भागात पोलीस अधिकारी नेमलं गेलं. हा भाग आजच्या धाराशिव, सोलापूर, कलबुर्गीच्या बाजूचा. या नोकरीतली एक हकीकत त्याने आत्मचरित्रात लिहिली आहे. पिठात रेती मिसळून विकणाऱ्या दुकानदारांची तक्रार त्याच्याकडे आली. त्याने त्यांच्याच दुकानांतलं पीठ आणवलं, भाकरी करायला लावल्या आणि त्या त्यांनाच खायला बसवलं. साक्षीपुरावे, दंड यांत वेळ गेला नाही. शिक्षा तिथल्या तिथे, आणि तीही सगळ्या गावाला कळेल अशी.

याच काळात रस्त्यांच्या कडेला, नाल्यांत, झाडींत प्रेतं सापडत होती. अंगावर जखम नाही, आरडाओरडा कुणी ऐकलेला नाही, प्रवासी कुठले तेही ओळखू येत नाही. टेलरने माग काढायला सुरुवात केली. व्यापाऱ्यांच्या वेषात फिरणाऱ्या टोळ्या असाव्यात, असा संशय त्याला येऊ लागला होता. एवढ्यात वरून हुकूम आला आणि त्याला पलटणीत परत बोलावलं गेलं. काही काळातच नर्मदेच्या पलीकडे विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांचं जाळं उघड केलं. आपण त्या जागेवर राहिलो असतो तर हा शोध आपल्या नावावर लागला असता, याची चुटपुट टेलरच्या मनातून म्हातारपणापर्यंत गेली नाही.

मला ही चुटपुट फार मोलाची वाटते. तपास हातातून गेला, म्हणून त्याने तो कागदावर पुरा केला.

स्लीमनच्या कामाची पद्धत अशी होती. पकडलेल्या ठगांपैकी काहींना माफीचे साक्षीदार करायचं, त्यांच्याकडून टोळ्या, रस्ते, पुरलेल्या प्रेतांच्या जागा वदवून घ्यायच्या, आणि एकाची जबानी दुसऱ्याच्या जबानीशी ताडून पाहायची. फिरंगिया हा त्यांतला सगळ्यांत गाजलेला साक्षीदार. वेरूळच्या लेण्यांत आमच्या धंद्याची सगळी कामं कोरलेली आहेत, असं तो सांगत असे. १८३५मध्ये या कामासाठी वेगळं खातंच उभं राहिलं. हैदराबादकडे सापडलेल्या ठगांच्या जबान्या घ्यायला टेलर होता. तासन् तास समोर बसून ही माणसं निवांतपणे सांगत असत, आणि टेलर लिहून घेत असे.

त्या जबान्यांतून उभी राहणारी व्यवस्था अंगावर काटा आणणारी आहे. टोळीत प्रत्येकाचं काम ठरलेलं. वाटसरूशी गोड बोलून त्याला सोबतीला ओढणारा तो सोठा. हा माणूस चांगल्या कपड्यांतला, बहुश्रुत, बोलका असायचा. रुमालाने गळा आवळणारा तो भुर्तोट. खड्डे आधीच खणून ठेवणारे ते लुघा. सावज एकटं नसेल तर दिवसचे दिवस त्याच्याबरोबर चालायचं, एकत्र जेवायचं, गाणीबजावणी करायची. मग मुक्कामावर सगळे गप्पा मारत बसलेले असताना म्होरक्या तंबाखू मागायचा. तो इशारा. त्या एका शब्दावर प्रत्येक वाटसरूच्या मागे बसलेल्या माणसाचा रुमाल गळ्यात पडायचा. काम संपल्यावर पूजा आणि गुळाचा प्रसाद. तो गूळ एकदा जिभेवर पडला की माणूस या धंद्यातून बाहेर पडत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती.

टेलरने या विषयावर आधी एक लेख लिहून इंग्लंडला, त्या वेळचे नामवंत कादंबरीकार बुल्वर-लिटन यांच्याकडे पाठवला. त्यांनी कादंबरी लिहायला सुचवलं. तब्येत बिघडल्याने टेलर रजेवर मायदेशी गेला आणि १८३९मध्ये लंडनच्या रिचर्ड बेंटले यांनी कादंबरी तीन भागांत छापली. राणी व्हिक्टोरियाला तिची इतकी उत्सुकता होती, की छापखान्यातून मुद्रितं निघतील तशी तिच्याकडे पाठवली जात होती.

कादंबरी म्हणजे अमीर अली या ठगाने तुरुंगात एका साहेबाला सांगितलेली कहाणी. आपण ७१९ माणसं मारली, असं तो सांगतो, आणि मधली बारा वर्षं तुरुंगात गेली नसती तर हजार पुरी झाली असती, याची त्याला खंत आहे. त्याच्या वाटा आपल्या ओळखीच्या मुलखातून जातात. अमरावती, उमरखेड अशी वऱ्हाडातली गावं त्यात येतात, पेंढाऱ्यांचा चित्तू येतो, हैदराबादचे बाजार येतात. मराठी वाचकाला नकाशा उघडावा लागत नाही.

यातलं रहस्य कुठे आहे? खुनी कोण, हे पहिल्या पानावर कळलेलं आहे. प्रेत कुठे पुरलं, तेही खुनीच सांगतो. तरी वाचक पुस्तक खाली ठेवू शकत नाही, कारण टेलरने दोन गाठी मारून ठेवल्या आहेत. एक गाठ अमीर अलीच्या जन्माची. लहान असताना त्याच्या आईबापांना ठगांनी मारलं आणि टोळीच्या म्होरक्याने, इस्माईलने, पोराला दत्तक घेतलं. ज्याला तो बाप म्हणतो, ज्याच्याकडून धंदा शिकतो, तोच त्याच्या आईबापांचा मारेकरी आहे. वाचकाला हे उमगत जातं आणि अमीर अलीला उशिरा कळतं. दुसरी गाठ याहून घट्ट. अमीर अली एका तरुण स्त्रीला मारतो. तिच्या गळ्यातल्या जुन्या नाण्याच्या ताईतावरून पुढे उलगडतं, की ती त्याची सख्खी बहीण होती.

आणि तिसरी गोष्ट, जी मला टेलरचं खरं यश वाटते, ती म्हणजे अमीर अलीचा आवाज. तो प्रेमळ नवरा आहे, दिलदार मित्र आहे, पाचवेळा नमाज पढणारा आहे, सुंदर बोलणारा आहे. वाचक त्याच्या बोलण्यात गुंगतो आणि मग दचकतो, की याच गोड बोलण्याने तर त्या सातशे एकोणीस जणांना खड्ड्यापर्यंत नेलं. सोठा आपल्यालाच सोबतीला घेऊन निघाला आहे! ऐकणारा साहेब अधूनमधून चार शब्द बोलतो तेवढाच. सगळा न्यायनिवाडा वाचकावर सोडलेला आहे. पुढे विसाव्या शतकात खुन्याच्या तोंडून कादंबरी सांगण्याची जी रीत रूढ झाली, ती टेलरने शंभर वर्षं आधी पूर्णत्वाला नेली होती.

युरोपभर या विषयाचे पडसाद उमटले. फ्रेंच कादंबरीकार यूजीन स्यू याने १८४४–४५मध्ये लिहिलेल्या 'द वाँडरिंग ज्यू' या प्रचंड गाजलेल्या कादंबरीत फारिंगिया नावाचा ठग थेट पॅरिसला नेला. डिकन्सची शेवटची, अपुरी राहिलेली रहस्यकादंबरी 'एडविन ड्रूड' १८७०ची. तिच्यातला गळ्याचा काळा रुमाल आणि जॅस्परचं वागणं ठगांच्या विधींशी ताडून पाहणारा हॉवर्ड डफील्डचा लेख १९३०मध्ये आला आणि त्यावर अभ्यासकांचा वाद पुढे बराच रंगला. कॉनन डॉयलनेही १८८७मध्ये इंग्लंडातल्या एका घरात ठगाच्या मुलीला आणून एक कथा लिहिली. कॉलिन्सच्या 'मूनस्टोन'मध्ये श्रीरंगपट्टणहून लुटून नेलेला हिरा आहे आणि तो परत न्यायला आलेले तीन ब्राह्मण आहेत. कॉलिन्स कधी हिंदुस्थानात आला नव्हता. त्याच्या ब्राह्मणांना इंग्रजी घराच्या खिडकीतून पाहिलेलं आहे. टेलरच्या माणसांना जवळ बसून, त्यांच्या भाषेत ऐकलेलं आहे. रचनेत कॉलिन्स कितीतरी वरचढ, यात वाद नाही. माणसं मात्र टेलरची जास्त जिवंत आहेत.

या कादंबरीची दुसरी बाजू मराठी वाचकाने डोळ्यांआड करू नये. ठगांचं भय इंग्रजी राज्याला फार उपयोगी पडलं. रस्ते सुरक्षित करायचे, म्हणून नवे कायदे झाले. टोळीत असल्याचं सिद्ध झालं की तेवढ्यावर जन्मठेप देता येऊ लागली, आणि साक्ष बहुतेक वेळा माफीच्या साक्षीदाराचीच असे. फाशी टाळायची तर जास्तीत जास्त नावं सांगायची, हे त्या साक्षीदाराला पुरतं कळलेलं होतं. पुढे अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा १८७१चा कायदा आला, त्याची वाट इथूनच गेली. ठगी हे इंग्रजांनी रचलेलं मिथक आहे, असं काही इतिहासकार म्हणतात. किम वॅग्नरसारखे अभ्यासक म्हणतात, की वाटमारी करून गळा आवळणाऱ्या टोळ्या खऱ्या होत्या, पण त्यांना देशभर पसरलेल्या एका गुप्त धर्मपंथाचं रूप दिलं ते साहेबांनी. मला हे दुसरं म्हणणं पटतं. दुष्काळ, मोडलेली संस्थानं, बिनपगारी झालेले शिपाई यांनी भरलेल्या त्या काळात रस्त्यावर माणसं मारली जात होती, आणि मरणारे बहुतेक आपलेच, रजेवर घरी निघालेले शिपाई आणि सावकारांचा पैसा पोचवणारे गडी होते.

१८४१च्या अखेरीस टेलरला सुरपूरच्या संस्थानात पाठवलं गेलं. हे बेडर राजांचं संस्थान आज कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात येतं. राजा वारलेला, वारस लहान, राणी आणि दरबारी यांच्यात तंटे. टेलरने तिथे सुमारे अकरा वर्षं कारभार पाहिला. दिवसरात्र एकट्याने केलेल्या कारभाराची ही वर्षं. याच काळात तो लंडनच्या 'टाइम्स'ला बातमीपत्रंही लिहीत होता.

नेमक्या याच वर्षांत आपल्या पन्हाळ्यावर काय घडलं, ते शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. कोल्हापूर संस्थानात इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडितांना कारभारी नेमलं. त्यांनी गडकऱ्यांच्या पिढीजात जमिनी आणि हक्क मामलेदारांच्या ताब्यात द्यायला सुरुवात केली. १८४४च्या पावसाळ्यात सामानगडाच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले, पाठोपाठ भुदरगड उठला. सामानगड पडल्यावर उठावाचं ठाणं पन्हाळा झालं. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स दौऱ्यावर असताना बंडवाल्यांच्या हाती लागला आणि त्याला पन्हाळ्यावर कैदेत ठेवलं गेलं. जनरल डेलामोट तोफा घेऊन आला. १ डिसेंबर १८४४ रोजी इंग्रजांनी पन्हाळा आणि पावनगड घेतले, आणि गडाच्या वाटेवरचा भक्कम चार दरवाजा पाडून टाकला. आज तिथे त्याचे अवशेष तेवढे दिसतात. पिढ्यान् पिढ्या हत्यार बाळगून राहिलेल्या लोकांचा मान नव्या कारभारात कुठे बसवायचा, हाच प्रश्न सुरपूरच्या बेडरांपुढे होता आणि पन्हाळ्याच्या गडकऱ्यांपुढेही. कोल्हापुरात त्याचं उत्तर तोफेने दिलं गेलं. टेलरने सुरपुरात आपल्या कारभारात ती वेळ येऊ दिली नाही.

ती शेवटी आलीच. ज्या मुलाला त्याने वाढवलं, जो त्याला अप्पा म्हणत असे, तो राजा वेंकटप्पा नायक १८५३मध्ये गादीवर बसला आणि फेब्रुवारी १८५८मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला. पकडला गेल्यावर टेलर त्याला कैदेत भेटला. फाशी टळली, शिक्षा कमी होत होत थोड्या वर्षांच्या कैदेवर आली. पण कैदेत नेत असताना वाटेत गोळी लागून राजाचा मृत्यू झाला. सोबतच्या अधिकाऱ्याच्या पिस्तुलाने त्याने स्वतःला संपवलं, असं टेलर लिहितो. राजा चोविसावं वर्ष ओलांडणार नाही, असं त्याच्या पत्रिकेत लिहिलेलं होतं आणि ते भाकीत राणीने कधीकाळी टेलरला विश्वासाने सांगितलं होतं, हेही तो लिहितो. त्याने रचलेल्या कुठल्याही कादंबरीपेक्षा त्याच्या आत्मचरित्रातलं हे प्रकरण मला जास्त हलवून सोडतं. सुरपूरला आजही वेंकटप्पा नायक स्वातंत्र्यवीर म्हणून पूजला जातो, आणि टेकडीवरचा टेलरचा बंगला 'टेलर मंझिल' म्हणून ओळखला जातो. दोन्ही आठवणी एकाच गावाने जपल्या आहेत.

सुरपूर सोडल्यावर १८५३ ते १८५७ टेलर नळदुर्गला होता. बोरी नदीवर धरण बांधून त्याच्या पोटात महाल काढलेला तो अफाट किल्ला. त्या किल्ल्यातच त्याचा मुक्काम असे. रस्ते आखणं, जमिनीची मोजणी करणं ही कामं तो स्वतः शिकून करत होता. तिथून तुळजापूर अर्ध्या दिवसाच्या घोडदौडीवर. 'तारा'ची माती ही आहे. १८५७मध्ये उठावाचा वणवा पेटला, तेव्हा त्याला वऱ्हाडात बुलढाण्याला धाडलं गेलं. फौज देता येणार नाही, कसंही करून टिकून राहा, एवढीच सूचना हैदराबादच्या रेसिडेंटने दिली होती. त्या भागात मोठा रक्तपात झाला नाही. १८६०मध्ये थकून तो मायदेशी परतला.

परतल्यावर त्याने एक विलक्षण बेत आखला. १६५७, १७५७, १८५७. शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने हिंदुस्थानच्या इतिहासाला मिळालेली तीन वळणं, आणि प्रत्येकावर एक कादंबरी. मराठ्यांच्या उदयावर 'तारा', प्लासीवर 'राल्फ डार्नेल', सत्तावनवर 'सीता'. तिन्हींत 'तारा' सरस आहे. तिचा काही भाग पूर्ण रहस्यकथेचा आहे. विजापूरची रात्र, चोरून आणलेली गुप्त पत्रं, वजीर खान मुहंमदवर फितुरीचा संशय, वेषांतर करून फिरणारे दरोडेखोर. ठगांच्या जबान्या ऐकलेला कान इथेही कामाला आलेला दिसतो. तुळजापूरच्या देवळातले मुरळ्यांचे प्रसंग, बालविधवा ताराची कोंडी, तिच्यावर डोळा ठेवून असलेला मोरो त्रिमल, हे सगळं तो आतून जाणून लिहितो. शेवटी सरणावरून ताराला वाचवतो तो फाजलखान.

इथे मराठी वाचकाचं आणि टेलरचं बिनसतं, आणि ते बिनसणं रास्त आहे. अफजलखानाबद्दल त्याला उघड सहानुभूती आहे. प्रतापगडच्या भेटीच्या वर्णनावर ग्रँट डफच्या इतिहासाची दाट छाया आहे. महाराजांनी दगा केला, हे डफचं म्हणणं पुढे मराठी इतिहाससंशोधकांनी साधनं धुंडाळून खोडून काढलं, पण टेलरच्या हाती ती साधनं नव्हती. त्याने विजापूर पाहिलं होतं, आदिलशाही वास्तूंवरच्या १८६६च्या मोठ्या छायाचित्रग्रंथासाठी मजकूरही लिहिला. आदिलशाहीच्या वैभवाने तो भारावलेला होता. गडांवरून, मावळातून दिसणारं राज्य त्याला फारसं दिसलं नाही. त्याच्या फाजलखानाला प्रेम मिळतं, सुख मिळतं. इतिहासातला फाजलखान पन्हाळ्याच्या चिखलात चार महिने बसला आणि रिकाम्या हाताने उठला.

पन्हाळ्याबद्दल विचार करताना मला राहून राहून वाटतं, की रहस्यकादंबरीला लागतं ते सगळं या एका गडाने पुरवलं आहे. राजाच्या वेषात मरायला निघालेला शिवा काशिद आहे. तटस्थ म्हणवत असताना राजापूरहून तोफगोळे घेऊन सिद्दीच्या मदतीला आलेला आणि वर आपलं निशाण फडकवणारा इंग्रज व्यापारी हेन्री रेव्हिंग्टन आहे. १६७३च्या मार्चमध्ये साठ माणसांनिशी रात्री कडा चढून गड घेणारा कोंडाजी फर्जंद आहे. तीन मजली, चोरवाटेची अंधारबाव आहे, आणि कैदेतला ओव्हान्स आहे. मराठीने रहस्यकथेवर प्रेम केलं ते मात्र बाहेरून आणलेल्या कथानकांवर. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' रेनॉल्ड्स या व्हिक्टोरियाकालीन लेखकावरून बेतलेली. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सलाच मराठी वेष चढवून 'कालिकामूर्ती', 'बंधुद्वेष' लिहिल्या आणि पिढ्यांना वेड लावलं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली. या सगळ्यांचे उपकार आहेत. पण लंडनचं रहस्य पुण्यामुंबईत आणण्याची जी धडपड झाली, तिचा थोडा भाग गडकऱ्यांच्या घरांत, पेंढाऱ्यांच्या वाटांवर आणि आपल्याच दप्तरांत खर्च झाला असता, तर टेलरने इंग्रजीत जे केलं त्याच्या पुढची पायरी मराठीने गाठली असती.

टेलर १३ मे १८७६ रोजी फ्रान्समधल्या मेंटन इथे वारला. आत्मचरित्र मुलगी ॲलिसने पुढच्या वर्षी प्रसिद्ध केलं आणि चांदबिबीवरची 'अ नोबल क्वीन' १८७८मध्ये पुस्तकरूपाने आली. टेलर वाचायचा असेल तर आत्मचरित्रापासून सुरुवात करा, मग ठगाची कबुली आणि शेवटी 'तारा'. 'तारा' हातात घ्याल तेव्हा प्रतापगड आणि पन्हाळ्याच्या लढायांवरचं एखादं चांगलं मराठी पुस्तक शेजारी उघडं ठेवा, आणि जिथे टेलर चुकतो तिथे समासात खूण करत चला.